उलट्या आट्यांचा नट

माजलगावात आमचं दुकान आहे. कडबा कुट्टीचे पट्टे, बेरिंग, गिअर, काय मोडेल ते आम्ही बदलून देतो. दुकान आबांचं, म्हणजे वडिलांचं. नुसत्या बोटांनी नट चाचपून ते कितीचा पाना लागेल ते सांगायचे. आणि मी चुकलो की भर गिऱ्हाइकांत माझी बिनपाण्यानं हजामत करायचे. त्याचा मला फार राग यायचा.

पात्यांना धार लावायच्या ग्राइंडरला दोन चाकं असतात. उजव्या चाकाचा नट नेहमीसारखा सुटतो. डाव्याचे आटे मात्र उलटे, नाहीतर चाक फिरता फिरता तो आपोआप सैल होईल. आबांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच.

गेल्या उन्हाळ्यात आबा डावं चाक बदलायला बसले आणि नट सरळ सोडायला लागले. म्हणजे आवळतच होते.

"आबा, उलटे आटे हायत," मी म्हणालो.

"मला शिकवतो का बे?" त्यांनी पान्याला नळीचा तुकडा लावला आणि अंगातला सगळा जोर काढला. आटे झडले, शाफ्ट कामातून गेला. पाती घेऊन बसलेली चार-पाच माणसं हसली.

माझं डोकं फिरलं. "जमत न्हाई तर घरी बसा की! कावून धंद्याची वाट लावता?"

इतक्या वर्षांचं मी त्या एका वाक्यात वसूल केलं, खोटं कशाला बोलू. आबांनी हात पुसले आणि घरी निघून गेले. परत दुकानात आले नाहीत. मीही चला म्हणालो नाही. अकड मलाही होतीच.

दोन महिन्यांनी ते घराची वाट चुकले, तेव्हा दवाखान्यात नेलं. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, बराच आधीपासून असणार. मला तो नट आठवला. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडलो.

आता रोज त्यांना सोबत दुकानात नेतो. पाना हातात दिला की ते तो नुसता कुरवाळत बसतात. परवा मात्र खुर्चीतून उठून माझ्यासमोर आले आणि हात जोडले.

"मिस्त्री, एक काम व्हतं. माझ्या पोराला ठेवता का तुमच्याकडं?"

"ठेवतो की," मी कसंबसं म्हणालो.

"हात चांगला हाय त्याचा. जरा तापट हाय. चुकला तर समजून सांगा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चार माणसांत नका बोलू. मी लई बोललो त्याला."