दोन्ही कागदांवरचं अक्षर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, वसतिगृहातल्या सोबत्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

गेल्या आठवड्यात कायद्याच्या वर्गात सरांनी विचारलं, अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरून इतकी वर्षं झाली, मग तक्रारी कोर्टापर्यंत का पोचत नाहीत? कुणी म्हणालं, लोकांना कायदा माहीत नसतो. कुणी म्हणालं, साक्षीदार मिळत नाहीत. मी वहीत बघत बसलो. मला एक तक्रार माहीत होती. तिथे कायदा माहीत असलेला माणूस होता, साक्षीदारही होता. दोन्ही मीच होतो.

आम्ही लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावचे, शेती करणारे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात खोक्यांवर पत्ते लिहायचं काम मिळालं. गावच्या बौद्धवस्तीतली पारूमावशीही तिथेच कामाला होती. सकाळी एकाच वाटेने यायचो — ती चार पावलं मागे. ते मला तेव्हा खटकलंही नव्हतं.

मावशी मागच्या अंगणात शेंगा फोडायची. तिने फोडलेले दाणे आत भट्टीवर जायचे. एकदा भाजले, की त्यांना तिचा हात लागता कामा नये. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. पावसाळ्यात अंगणातलं काम बंद व्हायचं आणि मावशी घरी बसायची. आत चिक्कीच्या वड्या कागदात बांधणाऱ्या बायकांना मात्र बारा महिने काम.

त्यातली एक सोडून गेली, तेव्हा मावशीने जागा मागितली. मुकादम हसला. त्या दिवशी परतताना ती मला म्हणाली, "दादा, भाजल्या दाण्याला माजा हात लागला तर त्यो परत कच्चा व्हतो व्हय?"

मीही हसलो. मग पुस्तकातलं सांगायला लागलो — हा गुन्हा आहे, अर्ज करता येतो. तिने मागितलं नव्हतं, तरी अर्ज मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. खाली तिचा अंगठा घेतला. मला केवढा अभिमान वाटला होता!

पंधरा दिवसांनी सरकारी कचेरीतले साहेब त्या अर्जाच्या चौकशीला येणार असं कळलं. मालकांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, धमकी तर नाहीच. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, कारखान्याचा जबाब तूच लिही." आणि सांगत गेले — सदर बाईने आतलं काम कधी मागितलेलं नाही. इथे जात पाहिली जात नाही. मी लिहीत गेलो. हात थांबला का? नाही. एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते तेवढं दुरुस्त केलं.

साहेब आले. त्यांनी अर्ज आणि जबाब टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हा जबाब कुणी लिहिला? मी म्हणालो, मी. बाईने काम मागितलेलं तुला माहीत आहे? मी म्हणालो, नाही.

मग त्यांनी अर्जावर बोट ठेवून मावशीला विचारलं, हा कुणाकडून लिहून घेतला?

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — निदान मला तसं दिसलं नाही.

"बाजारात एका मानसाकून, सायेब. वळखीचा न्हाई त्यो."

साहेबांनी दोन्ही कागद एकत्र टाचले. पुरावा नाही असा शेरा मारला. ती अंगणात जाऊन पुन्हा शेंगा फोडायला बसली. मी आत पत्ते लिहायला बसलो.

संध्याकाळी मी वाटेत तिच्यासाठी थांबलो नाही. पावसाळ्यानंतर मुकादमाने तिला बोलावलंच नाही. त्या वर्षी ती घाटातल्या रस्त्यावर खडी फोडायला गेली, असं आईकडून कळलं. मला पुढच्या सुट्टीतही काम मिळालं. मी ते घेतलं.

गेल्या आठवड्यातला सरांचा तो तास संपल्यावर एकाने नोट्स मागितल्या — माझं अक्षर वाचायला सोपं जातं म्हणाला. मी वही दिली.