केतकीची गिटार आणि माझा उजवा हात

आमच्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा गिटार बनवली आणि ती माझ्यासाठी नव्हती.

ती होती माझ्या आतेबहिणीसाठी. केतकी लातूरहून दिल्लीला यूपीएससीची तयारी करायला आली आणि मुनिरक्यात खोली घेऊन राहू लागली. त्या परीक्षेच्या फॉर्ममध्ये छंद लिहायचा एक रकाना असतो आणि मुलाखतीत त्यावरून प्रश्न विचारतात. बाकीचे लोक वाचन, योगासनं असं काहीतरी सभ्य लिहितात. केतकीने लिहिलं, ‘इलेक्ट्रिक गिटार बनवणे’. (तोपर्यंत बनवलेल्या गिटारी : शून्य.)

“अहो मामा, जरा वेगळं दिसायला हवं ना!” ती म्हणाली.

केंद्र सरकारच्या नोकरीत एकही फाइल कधी घाईने पुढे न सरकवलेले आमचे बाबा ताडकन उठले. “मग बनवूया! देशाला अधिकारी मिळतोय!”

आता माझं ऐका. मी सहा वर्षं गिटार वाजवते. दिल्लीच्याच द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या खोलीत, दार लावून, मैत्रिणीची जुनी गिटार पलंगाखालून काढून, इतकी हळू की कधी कधी मलाच ऐकू येत नाही. घरच्यांना वाटायचं मी अभ्यास करते. (मी सांगितलं नव्हतं, मान्य. पण बाबांनी ओळखायला नको?)

त्यानंतर दर रविवारी सकाळी आठला केतकी हजर! बाल्कनीत करवत, रंधा, भुसा. गिटारमध्ये तारांचा आवाज पकडायला एक चुंबक बसवतात, त्याभोवती केसाएवढी बारीक तार हजारो वेळा गुंडाळायची असते. त्यासाठी बाबांनी आईचं शिलाई मशीन पळवलं. मी नेलपॉलिश लावायला त्या मशीनवर बाटली ठेवली होती तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता!

“धर गं केतू! अहाहा, काय हात आहे पोरीचा!”

माझ्या हाताबद्दल बाबा शेवटचं चांगलं बोलले ते मी चौथीत असताना, हस्ताक्षराबद्दल. मी चहा घेऊन जायचे. “ठेव तिथे,” बाबा न बघताच म्हणायचे.

कहर केला तो समोरच्या चोप्रा आंटींनी. त्यांच्या बाल्कनीतून ओरडल्या, “भाईसाहब, आपकी बेटी तो बड़ी होशियार है!”

“बिल्कुल!” बाबा म्हणाले.

त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. मी ट्रे हातात घेऊन तिथेच उभी होते!

शेवटी गिटारला काळाभोर रंग दिला, त्यावर लॅकरचे, म्हणजे चकचकीत वॉर्निशचे, तीन हात मारले. बाबांनी हुकूम सोडला, “सात दिवस कुणी बोट लावायचं नाही.”

पाचव्या दिवशी दसरा आला. बाबा आणि केतकी गिटारच्या तारा आणायला गेले. (सणाच्या दिवशीसुद्धा! मला विचारलंही नाही.) इकडे आईने पूजेला पाटावर हातोडी, पाना, लॅपटॉप, गाडीची किल्ली असं सगळं मांडलं.

“ती गिटारपण ठेवूया गं. बघ वाळली का?”

मी नखाने एक कोपरा टोचला. “वाळलीये!”

खरं सांगते, मला ती एकदा मांडीवर घ्यायची होती, बस. घेतली. मग पाटावर ठेवली, स्वतःच्या हाताने हळद वाहिली, कुंकू कालवून भलंमोठं स्वस्तिक काढलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. आरतीनंतर फूल उचललं. देठ हातात आला. पाकळ्या गिटारवरच!

कुंकू पुसायला गेले, ते पसरलं. मग माझ्या अंगात विज्ञान संचारलं. मी नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं आणि कापसाने घासलं. लॅकर विरघळलं, कापूस चिकटला. गिटारला पांढरी दाढी आली! ती उपटायला उजव्या हाताने गिटार दाबून धरली, तर पंजाच रुतला. सोडवला तेव्हा गिटारवर माझी पाच बोटं होती आणि माझ्या हातावर काळा रंग, कापूस आणि दोन पाकळ्या.

आणि बेल वाजली.

मी गिटारवर टॉवेल टाकला आणि हात पाठीमागे घेतला. बाबा हसत आत आले, आपट्याचं पान पुढे करत म्हणाले, “घे सोनं!”

मी डावा हात पुढे केला.

“सणासुदीला डावा?” आई खेकसली. “उजवा कर!”

केला. सगळे हाताकडे बघत राहिले. मग टॉवेलकडे. बाबांनी तो उचलला आणि हळूच खुर्चीत बसले.

केतकी मात्र उडालीच! “मामा, काय भारी दिसतंय! पुसू नका, यार! मुलाखतीत सांगेन, आमच्याकडे अवजारांची पूजा करतात. बोर्ड फिदा!”

म्हणजे मी तिची गिटार बिघडवली, तर त्याचेही मार्क तिलाच!

“पण तुला एवढी कसली घाई होती गं?” बाबांनी विचारलं.

“मलापण येते,” मी जमिनीला सांगितलं. “गिटार. सहा वर्षं वाजवतेय.”

“म्हणजे तो अभ्यास नव्हता?” आई किंचाळली.

बाबा खुर्चीतून ताडकन उठले. मग म्हणाले, “अगं वेडे, बोलायचं तरी! चलो, आता तुझी बनवूया.”

ऐकून माझे डोळे भरून आले. हे दोन महिन्यांपूर्वीचं.

तेव्हापासून बाबा मला दर रविवारी सकाळी सातला उठवतात. (माझ्यासाठी एक तास जादा, कारण मी सख्खी!) थंडीत, धुरक्यात, बाल्कनीत बसून मी पॉलिश पेपरने लाकूड घासते. नाकात भुसा, बोटांना फोड, आणि बाबा म्हणतात, “अजून खरखरीत आहे.”

केतकी म्हणे हल्ली रविवारी दहापर्यंत झोपते. मला तिचा इतका हेवा वाटतो!