डांबर फासलेली होडी

रस्त्यावर डांबर तापलं की मला मामांची होडी आठवते. दर उन्हाळ्यात ते तिच्या बुडाला डांबर फासायचे. भंडारदरा धरणाच्या पलीकडच्या गावात मी शाळेवर शिकवायला होते, आणि वीस वर्षं होडी चालवणारे, साऱ्या गावाचे मामा मला रोज पलीकडे सोडायचे. त्या सकाळी होडीत मी आणि हिरड्याची पाटी मांडीवर घेतलेल्या मामी, अशा दोघीच होतो. भर पाण्यात होडी बुडालेल्या एका खोडावर धडकली आणि उभे असलेले मामा सरळ पाण्यात गेले. मला हसूच फुटलं. होडीवालाच तो, येईल की वर! वर आला तो नुसता हात. "बाई, हसता काय! त्येंला पवायला येत न्हाई!" मामी किंचाळल्या. मी हाताशी पडलेलं वल्हं पुढे केलं, मामांनी ते घट्ट धरलं, आणि आम्ही दोघींनी सदऱ्याला धरून त्यांना आत ओढलं. पाणी ओकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "गावात कुनाला सांगू नका, बाई. उद्या कोन बसंल माझ्या होडीत?" आजवर मी कुणालाच सांगितलं नाही. पण डांबराचा वास आला की आधी ऐकू येतं ते माझं हसणं.