आधी दोन लावा

आमच्या चौसाळ्यात शहादेव आप्पाला न वळखणारा माणूस दाखवा, चहा माझ्याकडून. आप्पा टेलिफोन खात्यात लाईनमन. माझं हॉटेल एक्स्चेंजच्या समोरच, म्हणून त्यांची निम्मी नोकरी माझ्या बाकड्यावर गेली. खांबावरून उतरले की आमाला शाणं करायचे. "भागवत, नंबर म्हंजे पत्ता असतो बे. पयले आकडे तालुक्याचे, मंग आपलं एक्स्चेंज, शेवटचे तेवढे घराचे. यंत्र एकेक आकडा वाचीत बराबर दारात येतं."

"आन् एखादा आकडा ऱ्हायला तर?"

"मंग न्हाई येत. यंत्र काय अंदाज बांधीत न्हाई."

आप्पाला एकच पोरगी, मनिषा. वीस-बावीस वर्षं झाली, तिनं दुसऱ्या जातीच्या पोराशी लग्न केलं आन् नांदेडला गेली. ती जाताना आप्पा भर चौकात वरडले, "परत माझ्या घरात पाय ठेवू नको." मागं सुंदरबाई, तिची आई, पदर तोंडात धरून उभी. ती एवढंच म्हणली, "फोन कर गं माय. दुपारी कर, मीच उचलीन."

दोन महिन्यांनी वरून हुकूम आला. आकडे पुरंनात, म्हणून गावातल्या साऱ्या पाच आकडी नंबरांच्या पुढं दोन लागणार. काय ती आप्पाची धावपळ! आठ दिवस घरोघर हिंडले. परतेक फोनपाशी भिंतीवर खडूनं नवा नंबर लिहिला. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला, त्यांच्या वतीनं स्वतः पोस्टकार्डं लिहिली. ऊसतोडीला गेलेल्यांना मुकादमाच्या हाती निरोप धाडला, "घरी फोन लावताना आधी दोन लावा." एकाचा फोन चुकू दिला न्हाई. मनिषाचा विषय काढायची मात्र कुणाची छाती झाली न्हाई. नांदेडात ती कुठं ऱ्हाती, हे तरी कुणाला ठाऊक होतं?

सुंदरबाई रोज दुपारी फोनपाशी बसायची. जेवणाचं ताटसुदिक तिथंच. पावण्यांची लग्नं बुडवली, बाजार बुडवला, पण दुपारी घर सोडलं न्हाई. मोबाईल आले, गावानं फोन काढून टाकले, तरी ती आप्पाला म्हणायची, "आपला काढू नका. पोरीला हाच नंबर पाठ हाय." चार वर्षांमागं गेली बिचारी. फोन काय आला न्हाई. मी मनिषाला लई शिव्या दिल्या तेव्हा. काळीज हाय का दगूड, म्हणलं.

या श्रावणात कपिलधारला दर्शनाला गेलतो, तर पायऱ्यांवर मनिषा! केसं पांढरी झालेली, बरोबर तरणी लेक, करिष्मा. मला पाहून धावतच आली. "भागवतमामा, आई कशी हाय?"

काय सांगावं? सांगितलं. तिथंच पायरीवर बसली आन् हमसून हमसून रडली. माझा राग काय आवरंना. म्हणलं, "आता रडून काय करती? एक फोन करता येईना तुला?"

"केलता की मामा! ही झाली तेव्हा दवाखान्यातून केला. दोनदा केला. फोनमधली बाई म्हणती, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मला वाटलं, आप्पानं फोनच काढून टाकला. लाईनमन माणूस, त्यांच्या हातातच होतं. परत लावायचं मन झालं न्हाई."

तवा माझ्या ध्यानात आलं. पाच आकडे लावले होते पोरीनं. पुढचा दोन तिला कुणी सांगितलाच न्हवता.

तिचा नंबर घेतला आन् थेट आप्पाचं घर गाठलं. सगळं ऐकून आप्पा उठले. रिसीव्हर उचलला, आकडे लावले. रिसीव्हरमधला आवाज मला बी ऐकू येत होता.

"मनिषा, म्या फोन काढला न्हवता गं. पुढं दोन लागला होता."

"मामानं सांगितलं, आप्पा." जरा थांबून ती म्हणली, "तुमी तरी काय करणार? तुमच्याकडं माझा पत्ता न्हवता ना."

पोरीनं स्वतःच वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. मला वाटलं, म्हणत्यात आता.

"होता," आप्पा म्हणले. "तुझ्या आईनं तुझ्या मैत्रिणीकडून आणून दिला होता. म्या कार्ड बी लिहिलं होतं. टाकलं न्हाई. रागात चुलीत घातलं."

आप्पानं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"आन् तुझ्या आईला सांगितलं, टाकलं म्हणून."