सुजाताने लावलेलं कुलूप

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि आधीच सांगून ठेवते — कुलूप उघडल्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. ते सोडून जे आहे, ते सांगायचं आहे.

मी दातांची डॉक्टर. कल्याणात दवाखाना आहे. महिन्यातून एका रविवारी वागळे इस्टेटमध्ये जाते. तिथे सामंतांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच टेबलांवर आम्ही आठ-दहा जण कुलपं घेऊन बसतो आणि ती किल्लीशिवाय उघडतो. छंद म्हणून. हसू नका. दातातली कीड चाचपून शोधणाऱ्या हाताला कुलपातली पट्टी उचलली गेलेली लगेच कळते. चहा होतो, समोसे येतात, कुणाचं कुलूप उघडलं की टाळ्या पडतात. नियम एकच — जे कुलूप आपलं नाही, त्याला हात लावायचा नाही. सामंत हे दर वेळी नव्याने सांगतात आणि आम्ही माना डोलावतो. मीसुद्धा.

तर बाबा. ते डोंबिवलीत राहायचे, माझा धाकटा भाऊ मिलिंद आणि त्याची बायको सुजाता यांच्याकडे. त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. एकटे बाहेर पडले की घर सापडायचं नाही. दोघं नोकरीला जाणार, म्हणून दाराला बाहेरून कुलूप. सगळ्यात शेवटी सुजाता निघायची, तीच ते लावायची. मी किल्ली मागितली. मिलिंद म्हणाला, "ताई, तू त्यांना फिरवून आणतेस आणि मग ते रात्रभर दार ठोकत बसतात. रविवारी ये ना." बाई ठेवा म्हटलं, तर परकं माणूस घरात नको. म्हणजे आठवडाभर माझ्या बापाने खिडकीच्या गजांतून रस्ता बघायचा?

मग मी बाजारातून अगदी तसंच कुलूप विकत आणलं आणि सामंतांच्या टेबलावर ठेवलं. माझंच आहे म्हटलं — खोटं होतं का ते? सगळ्यांनी जीव ओतून शिकवलं. ते उघडलं तेव्हा त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मला पडल्या.

बुधवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. मी डोंबिवलीला जायचे, कुलूप उघडायचे, बाबांना फडके रोडला न्यायचे. ते आइसक्रीम खायचे, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. मग घरी आणून बसवायचं, कुलूप दाबायचं, निघायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, मुलगी आहे, किल्ली असणारच. तुम्ही काय केलं असतं? मी तर उद्याही हेच करीन.

एका बुधवारी मी निघत असताना जिन्यात मिलिंदसारखा आवाज आला. कुलूप नुसतं कडीत अडकवून मी वरच्या मजल्यावर पळाले. तो कुणी भलताच निघाला. पण मी इतकी घाबरले होते की तशीच खाली उतरून स्टेशन गाठलं. कुलूप दाबायचं राहून गेलं. संध्याकाळी सुजाताला ते उघडं लटकलेलं दिसलं. बाबा आत सुखरूप होते.

रविवारी जेवताना मिलिंद तिला वाटेल ते बोलला. बाबा रुळांवर गेले असते म्हणजे? ती म्हणाली, "मी लावलेलं. ओढून पण बघितलेलं." मग जरा थांबून — "बहुतेक." मी कोशिंबीर वाढून घेतली. हो, कोशिंबीर. एक वाक्य पुरलं असतं. बोलले असते तर बुधवार गेला असता, म्हणून गप्प बसले — नाही, तेवढंच नाही. ती बोलणी खाते आहे याचं मला बरं वाटलं. रोज कुलूप लावणारा हात तिचा होता.

त्यानंतर सुजाता अर्ध्या जिन्यातून परत फिरायला लागली. कुलूप ओढायची, खाली जायची, पुन्हा वर यायची. मग गॅस, मग नळ, मग ऑफिसातलं कपाट. शेवटी तिने नोकरी सोडली. माझ्या डोक्याचा भरवसा नाही, म्हणाली. ती घरी राहायला लागली आणि दाराचं कुलूप गेलं. बाबांचं शेवटचं वर्ष मोकळं गेलं. ती त्यांना रोज हाताला धरून खाली न्यायची. मला हवं होतं तेच झालं. कोणत्या तोंडाने म्हणू की नको होतं?

सामंतांकडे मी अजून जाते. टाळ्या पडल्या तर घेते.

बाबा गेले, तरी सुजाताचं ते पुन्हापुन्हा ओढून बघणं थांबलं नाही. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "ताई, बाबांसारखं माझं पण होणार का हो?" मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे, काहीही झालेलं नाही. परतताना रिक्षात तिने रिपोर्टची फाइल दोनदा उघडून बघितली. मग म्हणाली, "पण मग त्या दिवशी कुलूप उघडं कसं राहिलं?"

मी पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, इथून डावीकडे घ्या.