हौदाचं अस्तर

कव्हरवाले मास्तर नवं कव्हर कधीही खुर्चीचं माप घेऊन शिवत नसत. खुर्ची खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. बसून बसून तिचा कापूस दबतो, स्प्रिंग एका अंगाला कलते, आणि टेप लावावी तर दर खेपेला वेगळाच आकडा. म्हणून ते जुनं कव्हर टाका न् टाका उसवत, इस्त्री फिरवून टेबलावर सपाट पसरत आणि त्याच्यावरून नवं कापत. चाळीस वर्षांत त्यांचं एकही कव्हर सैल बसलं नव्हतं. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही हे ते स्वतःच चारचौघांत सांगत, त्यामुळे दुसऱ्या कोणाला ते सांगायची संधीच मिळत नसे.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. बोलणं मात्र थांबलं नाही, फक्त पूर्वी एका दमात जे बोलून व्हायचं त्याला आता तीन दम लागायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की जमिनीवर हिला आपल्याच अंगाचं ओझं होतंय, पाण्यात उभं करा, पाय उचलेल. मग लेकीने घरामागच्या मोकळ्या जागेत एक हौद उभा करून दिला. जमिनीत खड्डा नाही की बांधकाम नाही. पत्र्याची गोल भिंत, चढायला रुंद लाकडी पायऱ्या, आणि आतून सगळीकडे निळं प्लॅस्टिकचं अस्तर. दुकानदार त्याला लायनर म्हणतात. पाणी अडवतं ते हे अस्तर, पत्रा नुसता बाहेरून आधार देतो.

जमिनीवर पलंगापासून खुर्चीपर्यंतच्या सहा पावलांत बाईंना घाम फुटायचा. पाण्यात त्याच बाई काठाला एक हात लावून वीस-वीस फेऱ्या मारायच्या. मास्तर बाहेर उभे राहून फेऱ्या मोजायचे आणि मुद्दाम एखादी कमी सांगायचे.

"अठरा झाल्या."

"अहो, एकोणीस! गिऱ्हाइकाचं कापडही असंच खाता का?"

असा तो संसार पुन्हा रुळावर येत होता. एक दिवस बाई पाण्यातल्या पाण्यात भिंतीचा आधार सोडून चार पावलं चालल्या. मास्तरांनी ती बातमी वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवली, आणि पोस्टमनला तर दोनदा.

मग पायऱ्यांच्या तळाशी अस्तराला बोटभर चीर पडली. रोज चार बोटं पाणी कमी व्हायला लागलं.

"ठिगळ लावा," बाई म्हणाल्या. "पाण्याखाली चिकटणारं मिळतं म्हणे. हौद रिकामा करायला नको."

हे मास्तरांना झोंबलं. "चाळीस वर्षांत मी लोकांच्या फाटक्या सोफ्याला ठिगळ लावलं नाही, आणि माझ्या बायकोच्या हौदाला लावू? नवं अस्तर घालू. असं बसवतो की बघत राहशील."

माणसाने बायकोसाठी जीव टाकावा, त्याला कोण नाही म्हणणार? पण त्यात आपल्या हाताची फुशारकी किती आणि तिच्या पायांची काळजी किती, हे त्याच वेळी बघायला हवं होतं. मास्तरांनी ते बघितलं नाही. त्यांनी बूच काढलं आणि दोन दिवसांत हौद कोरडा केला.

दुकानात काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी होती. तिने नमुन्यांची वही पुढे ठेवली. तळहाताएवढे चौकोन, कुठे गोटे, कुठे फरशा, कुठे लाटा. मास्तर एकेक चौकोन अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायला लागले. हा पातळ, हा कडक, याचा रंग उन्हात उडणार. मुलगी गालातल्या गालात हसत होती, पण तिने घाई केली नाही.

"कोणासाठी आहे, काका?"

मास्तरांनी सांगितलं. चार पावलांचीही गोष्ट सांगितली. मुलीने कोपर टेकून सगळं ऐकून घेतलं.

वही दोन दिवस घरी आणायची परवानगी त्यांनी मिळवली. त्यांना स्वतःला गोट्यांची नक्षी आवडली होती, नदीच्या तळासारखी. बाईंनी पानं उलटली आणि सगळ्यात फिकट, बिननक्षीचा निळा चौकोन काढला.

"हा कसला निवडलास? अगदीच ओकाबोका."

"मला माझा डावा पाय कळत नाही हो," बाई म्हणाल्या. "बघितला तरच कुठे ठेवलाय ते समजतं. गोट्यांत तो हरवेल."

इतके दिवस मास्तर फेऱ्या मोजत होते, पण बायको सारखी खाली मान घालून का चालते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

रंग ठरला, आता राहिलं माप. मुलीने दोन प्रकार समजावून सांगितले. एक अस्तर भिंतीवरून बाहेर दुमडायचं, उरलेलं बाहेर लोंबतं. माप इकडेतिकडे झालं तरी ते सांभाळून घेतं. दुसऱ्याच्या काठाला जाड गोट असतो, तो भिंतीवरच्या पट्टीत अडकवायचा. दिसतं देखणं, पण माप काटेकोर लागतं.

"तुम्ही दुमडायचंच घ्या, काका. आणि तुमचा हौद आडवा साडेचार मीटरचा असेल, ते ठरलेलं माप आहे. परवा मिळेल."

लोंबणारं कापड म्हणजे मास्तरांच्या लेखी अडाणीपणा, आणि तयार माप म्हणजे तर शिवीच. त्यांनी गोटाचं अस्तर मागितलं आणि माप स्वतः देतो म्हणाले.

"मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घ्या. जुन्या लायनरचं नको. पाणी काढलं की ते आखडतं."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि घरी येऊन जुनं अस्तर बाहेर ओढलं, धुतलं, अंगणात उन्हात सपाट पसरलं, चारी बाजूंनी विटा ठेवल्या आणि तळाच्या गोलाचं आडवं माप घेतलं. चार मीटर वीस भरलं. त्यांनी पुन्हा घेतलं, तेवढंच आलं. त्यांना मनातून आनंदच झाला. बघा, साडेचार म्हणे! भिंतीला टेप लावायला दोन मिनिटं लागली नसती. पण भिंत म्हणजे त्यांच्या हिशेबी खुर्ची, आणि खुर्ची खोटं बोलते. दुकानातल्या कागदावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात आकडा लिहिला. मुलीने विचारलं, "नक्की ना, काका?" ते म्हणाले, "पोरी, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी हेच करतोय."

चार वीसचं तयार मिळत नाही. खास बनवून यायला तीन आठवडे लागले.

या तीन आठवड्यांत बाईंना पाणी नव्हतं. व्यायामवाल्या बाई येऊन पलंगावरच त्यांचे पाय हलवून जात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "लवकर बघा हं. जे आलंय ते टिकवायला रोज लागतं." मास्तर म्हणाले, "आता आलंच." आणि खरंच आलं.

पण ते बसेना. मास्तरांनी आधी त्याला शिव्या दिल्या, मग उन्हात तापवलं, मग जावयाला बोलावून दोन्ही बाजूंनी ताणलं. कापड ताणून बसवायची त्यांना सवयच होती. गोट कसाबसा पट्टीत अडकला. तळाच्या कडेला अस्तर जमिनीला टेकत नव्हतं, पोकळी राहत होती. "पाण्याच्या वजनाने बसेल," मास्तर म्हणाले. पाणी गुडघ्याएवढं झालं आणि शिवण फाटली. दुपारी बारा वाजता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाणी पत्र्याखालून फुटलं आणि अंगणभर झालं.

तेव्हा कुठे मास्तरांनी रिकाम्या भिंतीला टेप लावली. बरोबर साडेचार मीटर. टेप हातात तशीच धरून ते हौदात उभे राहिले. एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

घरात खिडकीशी बसलेल्या बाईंनी हाक मारली, "काय झालं हो?"

"दुकानाने चुकीचं माप पाठवलं," मास्तर म्हणाले.

बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर परत घ्यायची छाती झाली नाही.

बाईंनी नवऱ्याची बाजू आयुष्यभर घेतली होती, आताही घेतली. मास्तर अंगण उपसत होते तेव्हा त्यांनी एकट्याने दुकानाला फोन लावला. मास्तरांनी दारातून ऐकलं. त्या जड जिभेने, थांबत थांबत, बाई त्या मुलीला बोलत होत्या. "तुला आईबाप नाहीत का गं? माझे पाय आहेत ते. खेळणं नाही." पलीकडून काही बोलणं झालं. बाईंनी फोन ठेवला. "सॉरी मावशी म्हणाली. आठ दिवसांत पाठवते म्हणाली. नाहीतर काय, खडसावल्याशिवाय ऐकतात का ही माणसं?"

मुलीच्या पुढ्यात मास्तरांच्या अक्षरातला कागद होता. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मास्तरही मूग गिळून बसले.

साडेचार मीटरचं, गोटाचं, त्या फिकट रंगाचं अस्तर दुकानात नव्हतं. आठ दिवस म्हटले त्याचे अठरा झाले. त्यातल्या अकराव्या दिवशी बाई पलंगावरून उठताना पडल्या. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. पाय जमिनीला लागला की त्यांना कापरं भरे. मग त्या उठेचनात. व्यायामवाल्या बाईंनी डावी पोटरी हातात धरून बघितली. या खेपेला त्यांनी लवकर बघा असं म्हटलं नाही.

नवं अस्तर आलं. मास्तरांनी सात वेळा भिंत मोजली, मग जावयाबरोबर ते बसवलं. गोट सरकत सरकत पट्टीत गेला. तळाची घडी त्यांनी अनवाणी पायांनी दाबत दाबत काढली. पाणी भरलं, दोन दिवस उन्हाने कोमट होऊ दिलं. रविवारी लेक-जावयाने बाईंना खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचललं आणि मास्तरांनी त्यांना पाण्यात घेतलं.

तळ इतका फिकट होता की बाईंची दोन्ही पावलं स्वच्छ दिसत होती. उजवं टेकलं. डावं तळाला लागून नुसतं हललं, पाण्याने हलवलं तसं. मास्तर बाईंच्या काखेत हात घालून पुढे सरकले. पाऊल मागेच राहिलं.

"उचल," मास्तर म्हणाले. "अगं, उचल ना."

बाई खाली बघत राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी पायावरून नजर काढली आणि सगळीकडे फिरवली, काठावर, तळाच्या कडेवर.

"छान बसलंय हो," त्या म्हणाल्या. "एक सुरकुती नाही. हात आहे तुमचा."

मास्तरांना ते सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. बायकोला तशीच छातीशी धरून त्यांनी सांगून टाकलं. दुकानाची चूक नव्हती. माप मी दिलं होतं. तिने सांगितलं होतं, भिंत मोजा. मी मोजली नाही. ठिगळ लावलं असतं तर तू आज चालत असतीस.

काठावर लेक तोंडावर हात ठेवून उभी होती. 

"म्हणजे त्या पोरीला मी उगाच बोलले," बाई म्हणाल्या.

"अगं, तुझे पाय..."

"तिला फोन लावा. आत्ता."

त्यांना बाहेर काढलं, खुर्चीत बसवलं, अंगावर टॉवेल घातला. मास्तरांनी ओल्या हाताने नंबर लावला. रविवार असल्याने दुकानातल्या त्या मुलीने तो घरूनच उचलला. मास्तरांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बाईंच्या सांगण्यावरून फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"जाऊ द्या, काका," मुलगी म्हणाली. "कागद होता माझ्याकडे, मला माहीत होतं. तुम्हीच सांगाल कधीतरी, म्हटलं. ते सोडा. हे नीट बसलं ना? मावशी चालायला लागल्या?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने जमिनीकडे. बाईंनी उजवा हात पुढे करून फोन घेतला.

"बसलंय छान," त्या म्हणाल्या. "पण मी आता नाही चालणार गं. तुला बोलले ते मनावर घेऊ नकोस."

हे वाक्य त्या घरात तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. व्यायामवाल्या बाईंनी नाही, लेकीने नाही. मास्तर खाली बसले आणि टॉवेलच्या टोकाने बायकोचं डावं पाऊल पुसायला लागले. पुसता पुसता त्यांना हुंदका आला आणि मग तो आवरेना. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण फोन खाली ठेवला नाही. पलीकडे ती मुलगीही रडत होती, आणि आधी तिला समजवायला हवं होतं.