झुंबरबाईचे पाच रविवार

आमच्या वाडीत म्हैस अडली की झुंबरबाईला बोलावणं जाई. इंदापूरहून जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत दोन तास जात, तेवढ्यात रेडकू पोटातच मरे. झुंबरबाईच्या बापाची मेंढरं होती. लहानपणापासून रानात अडलेल्या मेंढ्या सोडवून तिचा हात बसलेला. पुढे कालव्याचं पाणी आलं, चरायची रानं उसाखाली गेली, नवऱ्याने मेंढरं विकली आणि काही वर्षांनी तोही वारला. लेक छकुली काटेवाडीला दिलेली. मागे राहिली ही बाई आणि एक म्हैस. रोज दोन्ही वेळा ती आमच्या दूध संस्थेत दूध घालायची. मी तिथे सेक्रेटरी होतो. तिच्या दुधाची फॅट सातच्या खाली आलेली मला आठवत नाही.

१९९४च्या आषाढात वाडीतल्या सिद्धूची म्हैस अडली. झुंबरबाईने कोपरापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू फिरवलं आणि बाहेर काढलं. सिद्धूने तिला चहा पाजला, लुगडं देतो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्या म्हशीची कास दगडासारखी कडक झाली, सडातून रक्त येऊ लागलं. मग गोठ्यातल्या आणखी दोन म्हशींना तेच झालं. सिद्धू एका देवऋषीकडे गेला. त्याने विचारलं, या जनावरांना बाहेरच्या कुणाचा हात लागला का? एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई आपली किटली ओतायला वाकली, तर सिद्धूची भावजय सारजा हिने कॅनच्या तोंडावर हात ठेवला.

"हिचं दूध आमच्या दुधात नगं."

"का गं? माझ्या म्हशीला काय झालंय?"

"तुझ्या म्हशीला कशाला हुईल? आमच्या म्हशींना झालंय की."

रांगेतून कुणीतरी विचारलं, "सेक्रेटरी, तुमच्या त्या काचेच्या नळीत चेटूक कळतं का वो?" सगळे हसले. झुंबरबाईही हसली, कारण तिला ती थट्टाच वाटली.

संस्थेच्या कामात खोळंबा झालेला मला चालत नसे. टेम्पोची वेळ झाली होती. मी कोपऱ्यातला एक छोटा कॅन पुढे ओढला आणि म्हणालो, "झुंबरबाई, आठ दिवस यात ओता. तोवर शांत होईल सगळं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तात्या, लोक म्हणत्यात ते येगळं. तुमी येगळा कॅन दिला तर ते खरंच झालं की."

मी म्हणालो, तात्पुरती व्यवस्था आहे. शीतकरण केंद्रात गेल्यावर तो छोटा कॅन आणि बाकीचे कॅन एकाच टाकीत रिकामे होतात, हे मला माहीत होतं. हे मी त्या रांगेला सांगायला हवं होतं.

आठ दिवसांत शांत काहीच झालं नाही. संस्थेनेच वेगळा कॅन ठेवलाय म्हटल्यावर ज्यांना शंका नव्हती त्यांनाही ती आली. बाया पोरांना तिच्या दारावरून जाऊ देईनात. काटेवाडीला बातमी पोचली आणि छकुलीच्या सासूने तिचं माहेर बंद केलं. तेव्हा झुंबरबाई स्वतःच चेअरमन आबाजींकडे गेली.

"आबा, खंडोबाच्या देवळात मी बेल-भंडारा उचलते. माझ्या मनात पाप आसंल तर देव बघून घील. पण माझं दूध सगळ्यांच्यात घ्या."

त्या रविवारी देवळात सारी वाडी जमली. तिने बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेतला आणि शपथ घेतली. तिच्या समाधानाला एवढं पुरेसं होतं. पण सिद्धूने अट घातली: पाच रविवार जाईपर्यंत वाडीत कुणाच्या जनावराची कास बिघडली नाही, तरच बाई खरी. पन्नास गोठ्यांची जनावरं आजारी न पडण्यावर एका बाईचा खरेपणा टांगला, आणि हा न्याय आहे असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "व्हय, कबूल."

दोन रविवार गेल्यावर डॉक्टर आले. सिद्धूच्या म्हशी पाहून म्हणाले, साधा दगडीचा रोग आहे, म्हणजे कासेची सूज. आजारी जनावराची धार काढून तोच हात दुसऱ्या जनावराला लावला की पसरतो. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: धार काढण्यापूर्वी हात आणि कास धुवावी, आजारी जनावराची धार शेवटी काढावी. संस्थेच्या फळ्यावर लावा म्हणाले.

मी कागद आबाजींना दाखवला. ते म्हणाले, "तात्या, संस्थेची निवडणूक तोंडावर हाय. सिद्धूच्या भावकीची चाळीस मतं. त्याचेच हात घाण हायत असं फळ्यावर लिवायचं का?"

"मग झुंबरबाईचं काय?"

"तीन रविवार ऱ्हायलेत. देव हाय की."

मी कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. सारजाची म्हैस नुकतीच व्याली होती आणि तिची धार सिद्धूच काढायचा. चौथ्या रविवारी त्या म्हशीची कास सुजली.

मारहाण झाली नाही. आमची वाडी तशी नाही, असं लोक अजून अभिमानाने सांगतात. फक्त कुणी तिच्याशी बोललं नाही, आणि गिरणीवाल्याने तिचं दळण घेतलं नाही. पाचव्या रविवारच्या आत तिने म्हैस एका व्यापाऱ्याला विकली आणि दाराला कुलूप घातलं.

दीड वर्षानंतर वालचंदनगरला कामासाठी गेलो असताना कळलं, ती तिथल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करते. मी शोधत गेलो. ती मागच्या दारी भांडी घासत होती. मी सांगितलं, आता नवे डॉक्टर येतात, तो रोग होता हे लोकांना कळलंय, परत या.

"कळलंय? मग सिद्धू का आला न्हाय?"

मी न राहवून त्या कागदाचं सांगितलं. तो कुणी दिला, कधी दिला आणि कुठे राहिला, सगळं.

तिचा हात थांबला. "म्हंजी तीन रविवार बाकी व्हते तवा."

"हो."

तिने पातेलं पाण्यातून काढून पालथं घातलं.

"लेकीकडं गेले तर तिचं घर मोडंल. हितं मी बारामतीची म्हणून सांगितलंय. तात्या, एक करा. कुठं दिसले तर मला वळख देऊ नका."

त्यानंतर दोनदा ती मला तिथल्या बाजारात दिसली. एकदा तर अगदी समोरून आली. मी भाजीकडे बघत राहिलो आणि ती शेजारून निघून गेली.